गेलेल्या पावसाचे गणित

मुळशी तालुक्यातल्या माण गावी विहीर खणायला घेतली की आधी माती, मग मुरूम आणि त्याखाली काळा फत्तर लागतो. हा फत्तर म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीतून उफाळून थिजलेला लाव्हा. त्या काळी आपली ही भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती. आज त्याच माणच्या शिवारात हिंजवडीच्या संगणक उद्योगाचा तिसरा टप्पा उभा आहे, आणि जिथे भाताची खाचरे होती तिथे काचेच्या इमारतींतून तरुण मुलेमुली दिवसरात्र यंत्रापुढे बसलेली असतात. खाली इतका जुना दगड, वर इतके नवे यंत्र. या दोहोंना जोडणारे एक शास्त्र आहे. हजारो, लाखो वर्षांपूर्वी पाऊस कसा पडत होता, समुद्र कुठवर होता, बर्फ किती साठले होते, हे संगणकावर पुन्हा मांडून पाहण्याचे ते शास्त्र.

आता तुम्ही म्हणाल, की अहो, परवाचा पाऊस नीट सांगता येत नाही तुम्हाला, आणि दहा हजार वर्षांमागचा कशाला उकरता? शंका रास्त आहे. पण खरी गोष्ट अशी, की पुढच्या पन्नास-शंभर वर्षांच्या पावसाबद्दल संगणक जे सांगतो त्यावर विश्वास ठेवावा की नाही, हे ठरवण्याचा एक खात्रीचा मार्ग या मागच्या काळातूनच जातो. कसा, ते पाहू.

आधी ही मांडणी होते कशी? समजा, सगळ्या पृथ्वीवर एक जाळे टाकले. जाळ्याच्या प्रत्येक चौकोनावर हवेचे थर रचले, समुद्र असेल तिथे पाण्याचे थर खाली उतरवले. असे लाखो खण झाले. प्रत्येक खणात किती उष्णता, किती ओल, कोणत्या दिशेचा वारा, एवढे आकडे भरले. मग पदार्थविज्ञानाचे नियम लावायचे. ऊन पडले की जमीन तापते, तापलेली हवा वर जाते, तिची जागा घ्यायला शेजारची हवा धावते, वाफ थंडावली की पाणी होते. प्रत्येक खणाने शेजारच्या खणाशी देवघेव करायची आणि अर्ध्या तासानंतर स्थिती काय होईल ते काढायचे. मग पुढचा अर्धा तास. मग त्याच्या पुढचा. या मांडणीला प्रतिमान म्हणतात. बोलताना सगळे मॉडेल म्हणतात. हजार वर्षांचा हिशेब अर्ध्या अर्ध्या तासाने करायचा तर सुमारे पावणेदोन कोटी पावले टाकावी लागतात, आणि प्रत्येक पावलाला सगळ्या खणांचे गणित नव्याने करावे लागते.

शिक्षकबंधुभगिनींना हे वर्गात करून दाखवता येईल. वीस मुलांना पाच-पाचच्या चार रांगांत बसवा. प्रत्येकाच्या पाटीवर एक आकडा. मधल्या एका मुलाच्या पाटीवर १००, बाकीच्यांच्या पाटीवर ०. घंटा वाजली की प्रत्येकाने पुढच्या-मागच्या, डाव्या-उजव्या शेजाऱ्यांच्या पाट्या पाहायच्या, त्यात आपला आकडा मिळवून सरासरी काढायची. सगळ्यांची सरासरी निघाली की मगच जुना आकडा पुसून नवा लिहायचा. पाच-सात घंटांत ती उष्णता वर्गभर पसरलेली दिसते. एखादा मुलगा सरासरी चुकला तर त्याची चूकही शेजाऱ्यांत पसरते, हेही मुलांच्या ध्यानात येते.

ही कल्पना संगणकाच्या आधीची आहे. लुईस फ्राय रिचर्डसन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये जखमींच्या गाडीवर चालक म्हणून काम करीत असताना अवघ्या सहा तासांच्या हवामानाचे गणित हाताने केले. त्याला काही आठवडे लागले, आणि उत्तर साफ चुकले. हवेचा दाब सहा तासांत १४५ मिलिबारनी वाढेल असे त्याच्या गणिताने सांगितले. प्रत्यक्षात दाब जवळजवळ होता तिथेच होता. तरी त्याने १९२२ साली हे सगळे प्रामाणिकपणे छापले. ६४,००० माणसे एका प्रचंड सभागृहात बसून गणिते करीत आहेत, असे चित्रही त्याने त्या पुस्तकात रंगवले आहे. माणसांऐवजी यंत्राने गणित करून हवामानाचा अंदाज काढण्याचा प्रयोग १९५० साली अमेरिकेत झाला. पुढे तिथेच स्युकुरो मानाबे यांनी कर्क ब्रायन यांच्याबरोबर १९६९ साली हवा आणि समुद्र यांची गणिते एकत्र जोडली. मानाबे यांना २०२१ साली नोबेल पारितोषिक मिळाले, ते या आयुष्यभराच्या कामासाठी.

पुण्याचेही या कामात नाव आहे. १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था निघाली, आणि अकोला जिल्ह्यातले विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तिने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार केला. माणहून मुळा ओलांडली की पलीकडे पाषाण. तिथे भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे. ती पुण्यात १९६२ साली सुरू झाली. तिथे २०२४ साली ‘अर्का’ हा महासंगणक सुरू झाला. तो एका सेकंदात सुमारे पावणेबारा हजार लाख कोटी आकडेमोडी करू शकतो. या संस्थेने हवा, समुद्र, जमीन आणि समुद्रावरचे बर्फ यांचे एकत्रित प्रतिमान तयार केले असून, जगभरच्या हवामान अहवालासाठी ज्या प्रतिमानांची उत्तरे घेतली गेली त्यांत दक्षिण आशियातून गेलेले ते पहिले. त्याचा मूळ सांगाडा अमेरिकेतला; आपल्या पावसाला जुळेल असे बदल पुण्यात झाले.

एवढे मोठे यंत्र असूनही अडचण आहे ती खणाच्या आकाराची. रोजच्या अंदाजासाठी पाषाणच्या संस्थेने केलेली, २०२५ साली सुरू झालेली पद्धत सहा किलोमीटरचा खण घेते, कारण तिला दहाएक दिवसच पुढे जायचे असते. हजार वर्षे चालायचे तर इतका बारीक खण परवडत नाही. मग तो शंभर, दोनशे किलोमीटरचा घ्यावा लागतो. दोनशे किलोमीटरचा खण म्हणजे काय, तर मुंबई, लोणावळा, माण, पुणे आणि शिरूर ही सगळी गावे एकाच खणात! लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, पुण्याला सातशेच्या आसपास, शिरूरला त्याहूनही कमी. यंत्राला मात्र त्या खणासाठी एकच आकडा ठाऊक. सह्याद्रीचा कडा त्याच्या लेखी एक बसका उंचवटा होऊन जातो. म्हणून हजार वर्षांच्या गणितातून कुणी तुम्हाला एखाद्या तालुक्याचा पाऊस सांगू लागला तर त्याला खणाचा आकार विचारावा.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. प्रतिमान बरोबर आहे की नाही, हे कसे तपासायचे? गेल्या शंभर-दीडशे वर्षांच्या नोंदींशी ते जुळवून पाहतातच. पण त्यात एक मेख आहे. प्रतिमान तयार करणाऱ्यांना त्या नोंदी आधीपासून ठाऊक असतात. वर्षभर जी गणिते फळ्यावर सोडवली तीच परीक्षेत आली, तर विद्यार्थ्याला गणित येते की ते पाठ आहे, हे शिक्षकाला कसे कळावे? पुस्तकाबाहेरचा प्रश्न घालावा लागतो. तसा प्रश्न म्हणजे आजच्याहून अगदी वेगळी पृथ्वी. आणि या प्रश्नाची उत्तरपत्रिका निसर्गाने चिखलात, दगडात आणि बर्फात लिहून ठेवली आहे.

अशी एक उत्तरपत्रिका आपल्या बुलढाणा जिल्ह्यात लोणारच्या सरोवरात आहे. तळ्याच्या तळाशी दरवर्षी थोडा थोडा गाळ साठतो. नळी खुपसून तो थरांसकट वर काढला, तर सुमारे दहा मीटर गाळात गेल्या अकरा हजार वर्षांचा जमाखर्च मिळतो. लोणारचे पाणी खारे. पाऊस कमी होऊन तळे आटत गेले की क्षार घट्ट होतात आणि गेल्युसाइट नावाच्या खनिजाचे स्फटिक चिखलात धरतात. स्फटिक सापडले म्हणजे दुष्काळ. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सलग दुष्काळाचे दोन लांब काळ दिसले: एक सुमारे ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचा, दुसरा सुमारे २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. त्याच्या उलट, गाळाच्या तळाकडचे सुरुवातीचे थर भरपूर पावसाचे निघाले. आपल्याकडे १३९६ साली सुरू झालेला दुर्गादेवीचा दुष्काळ सांगतात, तो या दुसऱ्या काळाच्या शेवटाशी येतो खरा. परंतु गाळावरून नेमके दशक सांगता येत नाही, तेव्हा दोहोंची गाठ घाईने मारू नये.

दुसरी उत्तरपत्रिका अरबी समुद्राच्या तळाशी. नैर्ऋत्येचे मोसमी वारे जोराने वाहिले की ओमान, सोमालियाच्या किनाऱ्यालगत खालचे थंड, पोषक पाणी वर येते. त्यात फोरॅमिनिफेरा नावाचे खसखशीएवढे जीव वाढतात. ते मेल्यावर त्यांचे शिंपले तळाशी साठतात. त्यांतल्या विशिष्ट जातीचे शिंपले जास्त, तर त्या काळी वारा जोराचा. या शिंपल्यांच्या अभ्यासात गोव्यातल्या दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या लोकांनी बरीच वर्षे घालवली आहेत. आणि तिसरी उत्तरपत्रिका तर तुम्ही रोज पाहता. भीमा, घोड, मुळा-मुठा यांच्या काठी गाळाच्या उभ्या दरडी आहेत. विश्वास काळे आणि डेक्कन कॉलेजचे शरद राजगुरू यांनी १९८७ साली दाखवून दिले, की पाऊस मंद होता त्या काळात या नद्यांनी गाळ साठवला आणि पुढे पाऊस वाढल्यावर तोच गाळ कापून पात्र खोल केले.

आता प्रश्नपत्रिका. पृथ्वी भोवऱ्यासारखी फिरते, आणि भोवऱ्यासारखीच तिची मान हळूहळू डोलते. या डोलण्यामुळे ती सूर्याच्या सर्वांत जवळ कोणत्या महिन्यात येते, ते सुमारे एकवीस ते तेवीस हजार वर्षांच्या फेऱ्यात बदलत राहते. आज आपण जानेवारीच्या सुरुवातीला, ऐन थंडीत, सूर्याच्या सर्वांत जवळ असतो. नऊ-दहा हजार वर्षांपूर्वी हीच वेळ उन्हाळ्या-पावसाळ्यात येत होती. आसाचा कल आणि कक्षेचा आकारही बदलतो, पण त्यांचे फेरे याहून लांब. मिलुटिन मिलान्कोविच या सर्बियन गणितज्ञाने कक्षेच्या या बदलांमुळे कोणत्या काळी कुठे किती ऊन पडले, याचे कोष्टक हाताने गणित करून बनवले. त्याचा मोठा ग्रंथ १९४१ सालचा. त्याने ऊन दिले; त्या उन्हात पाऊस किती पडला, ते काढायला संगणक यावा लागला.

१९८१ साली अमेरिकेतल्या जॉन कुट्झबाख यांनी प्रतिमानात बाकी सगळे आजचे ठेवले आणि फक्त पृथ्वीची कक्षा नऊ हजार वर्षांपूर्वीची घातली. जून ते ऑगस्टमधले ऊन सुमारे ७ टक्क्यांनी वाढले. जमीन समुद्रापेक्षा अधिक तापली, आणि यंत्राने आशिया व आफ्रिकेत आजच्यापेक्षा जोराचा पावसाळा काढून दिला. त्या यंत्राला ना समुद्रातले शिंपले ठाऊक होते, ना तळ्यांतला गाळ. तरी उत्तराची दिशा जुळली. १९८७ साली वॉरन प्रेल आणि कुट्झबाख यांनी हीच तुलना दीड लाख वर्षांपर्यंत मागे नेली, आणि मोसमी पावसाचे मोठे चढउतार समुद्रतळाच्या नोंदींशी जुळतात असे दाखवले. मला स्वतःला या शास्त्रातली ही सर्वांत समाधानाची गोष्ट वाटते.

सगळेच मात्र जुळत नाही. सहा हजार वर्षांपूर्वी सहारा वाळवंटात गवत होते, तळी होती. तिथल्या खडकांवर गुरे-जनावरे चितारलेली आहेत. प्रतिमाने तिथे पाऊस वाढवतात खरा, पण गवत उगवेल इतका पुरेसा बहुधा वाढवत नाहीत. वनस्पती वाढल्या की जमीन काळवंडते, धूळ कमी उडते, त्याने पाऊस आणखी वाढतो. हे हिशेबात घेतले की उत्तर सुधारते. म्हणजे चुकीतूनच कळले की आधी काय विसरलो होतो. आजच्या मध्य भारतातही कित्येक प्रतिमाने प्रत्यक्षापेक्षा कमी पाऊस पाडतात, आणि हा दोष अजून पुरता गेलेला नाही. लोणारचा सातशे वर्षांचा दुष्काळ घ्या. उन्हातला बदल हळूहळू होणारा; तो एकटा असला दुष्काळ उलगडून सांगत नाही. अभ्यासकांनी त्याचा संबंध प्रशांत महासागराच्या उबदार पाण्याशी लावला आहे. तेव्हा समुद्र नीट मांडता आला नाही तर आपला दुष्काळही मांडता येणार नाही.

आणि समुद्र मांडणे सोपे नाही. हवा काही दिवसांत बदलते; खोल समुद्राला स्थिरावायला हजारभर वर्षे लागतात. म्हणून जुन्या काळाचे गणित सुरू करण्यापूर्वी यंत्र नुसते समुद्र शांत होईपर्यंत चालू ठेवावे लागते.

शिरूरजवळ घोडनदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून बरीच वर्षे तिथे उत्खनन केले. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी तिथे शेतकरी राहत होते. त्यांनी पाण्यासाठी चर खणला होता, बांध घातला होता, ते बार्ली आणि गहू पिकवीत. इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास मात्र ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, शेती आखडली, शिकारीवर भर आला, आणि सुमारे ७०० पर्यंत वस्ती उठली. पाऊस कमी होत गेला म्हणून हे घडले, असे प्रा. मधुकर ढवळीकर यांचे मत होते. सगळ्यांना ते मान्य नाही. आणि लोणारच्या ज्या दोन लांब दुष्काळांचा वर उल्लेख केला त्यांत हा काळ बसतही नाही. मग काय झाले असेल? दुष्काळ घोडनदीपुरताच होता का, की पाऊस पुरेसा असून जमीन थकली, की आणखी काही? दोनशे किलोमीटरच्या खणातून याचे उत्तर निघत नाही. पर्जन्यछायेच्या प्रदेशात दहा-वीस टक्के पाऊस कमी झाला तर केवढा फरक पडतो, हे शिरूर-दौंडच्या शेतकऱ्याला सांगायला नको. तेवढा फरक पकडण्याइतके बारीक गणित तीन हजार वर्षांमागे नेणे, हे काम अजून व्हायचे आहे.

पुष्कळ जण म्हणतात, “हवामान तर पूर्वीपासूनच बदलत आलंय, मग आत्ताच एवढी ओरड कशाला?” बदलत आले आहे, हे खरेच. पण प्रतिमानाचा मोठा उपयोग असा, की एक कारण हलवून बाकीची स्थिर ठेवता येतात. नऊ हजार वर्षांपूर्वी पाऊस वाढला तो उन्हाळ्याचे ऊन वाढले म्हणून. त्याच वेळी हिवाळ्याचे ऊन घटले होते. आज कार्बन डायऑक्साइड बारा महिने, रात्रंदिवस उष्णता धरून ठेवतो. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांवरून गेल्या आठ लाख वर्षांचे त्याचे प्रमाण कळते. हिमयुगाच्या कळसाला, म्हणजे सुमारे एकवीस हजार वर्षांपूर्वी, दर दहा लाख भाग हवेत तो १९० भाग होता, कारखानदारीपूर्वी २८० होता, आणि आता ४२० च्या पुढे आहे. कारण निराळे, तेव्हा परिणामही जसाच्या तसा पूर्वीसारखा होईल असे धरता येत नाही. तापमान एक अंशाने वाढले की हवा सुमारे ७ टक्के अधिक वाफ धरते, म्हणून पडला तर धो-धो पडतो. उलट पाषाणच्या संस्थेतल्या शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने २०२० साली निघालेल्या अहवालाप्रमाणे १९५१ ते २०१५ या काळात देशाचा जून ते सप्टेंबरचा पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटला, आणि घट ठळक दिसली ती गंगेच्या मैदानात व आपल्या पश्चिम घाटात. हवेतला धूर आणि धूलिकण ऊन अडवतात, हे त्याचे एक कारण दिले आहे. दोन कारणे एकमेकांविरुद्ध ओढताहेत. त्यातले कोणते केव्हा वरचढ होईल, ते नुसत्या अनुभवाने सांगता येत नाही, कारण असा अनुभव आपल्या आजोबा-पणजोबांनाही नव्हता.

राहता राहिले बर्फ. एकवीस हजार वर्षांपूर्वी कॅनडावर सुमारे तीन किलोमीटर जाडीचे बर्फ होते, आणि पृथ्वी आजच्यापेक्षा सरासरी पाच ते सात अंशांनी थंड होती. एवढे पाणी बर्फात अडकल्यामुळे समुद्र आजच्यापेक्षा सव्वाशे मीटरच्या आसपास खाली होता. मुंबई-रत्नागिरीच्या पश्चिमेला आज जिथे मासेमारी चालते तिथे कोरडी जमीन होती. बर्फाचे गणित निराळेच. बर्फ आपल्या वजनाने घट्ट मधासारखे हळूहळू वाहते, आणि त्याची उंची वाढली की वाऱ्याच्या वाटाही बदलतात. भारताची अंटार्क्टिकावर ‘मैत्री’ आणि ‘भारती’ ही केंद्रे आहेत; त्यांचे काम गोव्यात वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र पाहते.

कोकणच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची परीक्षा मात्र याच्या उलट काळाची. सुमारे सव्वा लाख वर्षांपूर्वी पृथ्वी कारखानदारीपूर्व काळापेक्षा अर्धा ते दीड अंश अधिक उबदार होती, म्हणजे जवळजवळ आजच्याइतकीच. आणि तेव्हा समुद्र आजच्यापेक्षा पाच ते दहा मीटर वर होता, असे जगभरच्या जुन्या किनाऱ्यांवरच्या खुणा सांगतात. ग्रीनलंडचे सगळे बर्फ वितळले तरी समुद्र सातएक मीटरच वाढेल, आणि त्या काळी ते सगळे वितळले नव्हते. तेव्हा बाकीचे पाणी बहुतेक अंटार्क्टिकाचे. ते बर्फ ढासळायला त्या वेळी किती शतके लागली, यावर प्रतिमानांचे अजून एकमत नाही. काही ते झपाट्याने पाडतात, काही सावकाश. जुन्या पुळणी आणि पोवळ्यांचे खडक मोजून हा फरक मिटवण्याचे काम सध्या निरनिराळ्या देशांत चालू आहे.